लाल, पिवळं, निळं, हिरवं

दिवाळीला गावी गेलो होतो. गाव म्हणजे हिंगोली जिल्हा, वसमत तालुका. "हिंगोली नक्की कुठे आलं रे?" हे पुण्यात मला दर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, तर त्यांच्यासाठी एकदाच सांगून टाकतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडे यवतमाळ आणि वाशिम. मधून कयाधू, दक्षिणेकडून पूर्णा. संत नामदेवांचं नर्सी आमचंच, औंढा नागनाथही आमचंच. आणि वसमत म्हटलं की हळद. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्याला सुटलं की आमच्याकडे हळद, ऊस, थोडा कापूस आणि उरलेल्या रानात सोयाबीन, असा सगळा मामला.

तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा (म्हणजे आमचे वडील) मला आखाड्यावर घेऊन गेले. तिथे पत्र्याच्या खोलीत एक फळी आहे, तिच्यावर सगळी औषधं. आमच्याकडे कीटकनाशक, तणनाशक वगैरे कोणी म्हणत नाही, सगळं "औषध". दादांनी चार डबे-बाटल्या खाली काढून ओळीने मांडल्या आणि म्हणाले,

"तू एवढं कंप्युटरवर काम करतो ना, मग मला एवढंच सांग. ह्याच्यातलं सगळ्यात खराब कोणतं हाय? तेवढं काढून टाकू."

प्रश्न उगाच नव्हता. आमच्याकडे फवारणीला येणाऱ्या एकाला या पावसाळ्यात रानातच गरगरलं, उलट्या झाल्या, दोन दिवस सलाईनवर होता. वाचला, पण दादांची झोप उडाली. दुसरी गोष्ट म्हणजे आमची पिण्याच्या पाण्याची विहीर उसाच्या रानाला अगदी लागून आहे. आई चाळीस वर्षं तेच पाणी पितेय. मीही अठरा वर्षं तेच प्यायलो.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. चार ओळी, दोन-तीन कॉलम, सॉर्ट मारला की झालं! रोज हेच तर करतो आपण. रविवारची संध्याकाळ आणि नंतरचे तीन शनिवार त्यात गेले, आणि शेवटी हाती लागलं ते असं की दादांच्या प्रश्नाला उत्तर नाही. प्रश्न अवघड आहे म्हणून नव्हे, तर "सगळ्यात खराब" हा शब्दच अर्धवट आहे म्हणून. आजचं लिखाण त्यावरच.

डब्यावरचा चौकोन

दादांनी डबे आधीच एका क्रमाने मांडले होते. त्यांचा क्रम रंगावरून. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी पाहिलं असेल, औषधाच्या प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांमधून हे आलं. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. शेतकऱ्याला लेबलवरचं बारीक अक्षर वाचता येवो न येवो, रंग कळतो. कल्पना उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही.

आता हा रंग ठरतो कशावरून? एलडी-५० नावाच्या आकड्यावरून. किती डोस दिला की प्रयोगातले निम्मे प्राणी (बहुतेकदा उंदीर) मरतात, तो आकडा. ट्रेव्हन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ही पद्धत मांडली. तोंडावाटे दिल्यावर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यावर हिरवा. कातडीवाटे दिलेल्या डोसचे असेच वेगळे पट्टे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची १९७५ पासूनची वर्गवारीही याच धर्तीची आहे.

म्हणजे रंग सांगतो ते एवढंच: एकदाच, भरपूर, अंगात गेलं तर काय होईल. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा क्रॅशचा रिपोर्ट आहे. मेमरी लीकचा नाही. प्रोग्राम धाडकन पडला तर सगळे धावतात, पण जो रोज थोडी थोडी मेमरी खातो आणि तीन महिन्यांनी सर्व्हर झोपवतो, त्याला त्या रिपोर्टमध्ये जागाच नसते.

आमच्या फळीवर होतं ते असं. मोनोक्रोटोफॉस, जुनी अर्धी बाटली. उंदराचा आकडा १४ च्या आसपास, म्हणजे लाल पट्ट्यात. क्लोरपायरीफॉस, १३५ च्या आसपास, पिवळ्यात. इमिडाक्लोप्रिड, ४५०, तेही पिवळ्यात पण निळ्याच्या उंबऱ्यावर. आणि उसातलं तणनाशक अॅट्राझिन, साधारण २०००, म्हणजे निळं. (हे सगळे मूळ रसायनाचे आकडे, डब्यातल्या द्रावणाचा हिशेब थोडा वेगळा होतो.) दादांची यादी याच क्रमाने, आणि अॅट्राझिनच्या पुडीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे तर काही नाही. निळं हाय."

आणि विहिरीला लागून असलेल्या रानात नेमकं तेच पडत होतं.

रसायन कुठे जातं?

इथून पुढचा प्रश्न विष किती हा नाही, विष जातं कुठे हा आहे. रसायनाचा स्वभाव म्हणा ना. काही रसायनं पाण्यात विरघळतात, काही चरबीत. काही मातीला घट्ट चिकटतात, काही पाण्याबरोबर खाली निघून जातात. काही आठ दिवसांत मोडतात, काही आपल्यापेक्षा जास्त जगतात.

१९८९ मध्ये डेव्हिड गस्टाफसनने भूजलासाठी एक छोटंसं सूत्र दिलं. त्यात दोनच गोष्टी लागतात. जमिनीतलं अर्धायुष्य, म्हणजे अर्धं रसायन मोडायला किती दिवस लागतात ते, आणि मातीतल्या सेंद्रिय कर्बाला ते किती चिकटतं तो आकडा. अर्धायुष्याचा लॉग घ्यायचा आणि चारातून चिकटपणाच्या आकड्याचा लॉग वजा करून त्याने गुणायचं. उत्तर २.८ च्या वर आलं तर रसायन झिरपून भूजलात जाण्याची शक्यता मोठी, १.८ च्या खाली आलं तर कमी. मधलं मधलं.

अॅट्राझिनचं अर्धायुष्य ६० दिवस आणि चिकटपणा १०० धरला तर उत्तर येतं ३.५६. क्लोरपायरीफॉसचं ३० दिवस आणि साधारण ६०००, तर उत्तर ०.३. यादी सरळ उलटी झाली! रंगाने वर असलेलं क्लोरपायरीफॉस मातीला धरून बसतं, आणि ज्याला दादा "काही नाही" म्हणाले ते विहिरीकडे निघालेलं असतं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. युरोपीय संघाने २००३-०४ मध्ये अॅट्राझिन बंद केलं ते कोणी पिऊन मेलं म्हणून नव्हे, तर भूजलात ते लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर सापडत राहिलं म्हणून. आता गंमत बघा. पिण्याच्या पाण्यात अॅट्राझिन किती चालेल, याचं उत्तर युरोपात ०.१, भारतीय मानकात (२०१२ चं) २, अमेरिकेत ३, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक यादीत १००. एकच रेणू, एकच एकक, आणि आकड्यात हजारपटीचा फरक! याचा अर्थ कोणीतरी खोटं बोलतंय असा नाही. युरोपचा आकडा "कुठलंही कीटकनाशक पाण्यात नकोच" या धोरणातून आलाय, आरोग्य संघटनेचा आकडा शरीराला अपाय कधी होतो या हिशेबातून. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी. पण आपण वाचताना प्रश्न गाळतो आणि आकडा तेवढा लक्षात ठेवतो.

मग सगळ्यांनी गस्टाफसनचाच क्रम वापरावा का? तर तसंही नाही. तोच क्रम डीडीटीला लावून पाहा. डीडीटी मातीला इतकं प्रचंड चिकटतं की सूत्राचं उत्तर शून्याच्याही खाली जातं, म्हणजे भूजलासाठी एकदम सज्जन. बरं, रंगाने पाहिलं तर उंदराचा आकडा ११३, म्हणजे पिवळा, लालसुद्धा नाही. दोन्ही याद्यांतून डीडीटी सुटलं! आणि प्रत्यक्षात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. ते चरबीत साठतं, माशातून पक्ष्यात, गवतातून दुधात चढत जातं, वर्षानुवर्षं मोडत नाही. भारतात शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला. ज्या कॉलममध्ये ते पहिलं येतं तो कॉलम त्या दोन्ही याद्यांमध्ये नव्हताच.

डीडीटीची पुढची गोष्टही कमी बोधप्रद नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये ते बंद केल्यावर त्याच्या जागी पॅराथिऑनसारखी औषधं आली. ही निसर्गात लवकर मोडणारी, म्हणजे पर्यावरणाच्या यादीत बरी. पण फवारणाऱ्या माणसाला ती कितीतरी जहाल, आणि विषबाधा शेतमजुरांच्या वाट्याला आल्या. यादीत एक नंबर खाली आला, माणूस मात्र बदलला. गरुड वाचला आणि मजूर आडवा झाला.

माझं एक्सेल शीट

तर एवढं वाचून झाल्यावर मी शहाण्यासारखं शीट केलं. तीन कॉलम: फवारणारा माणूस, विहीर, मधमाशी. (मधमाशी का? तर इमिडाक्लोप्रिडचे काही नॅनोग्रॅम एका मधमाशीला पुरतात, आणि शिवाराला परागीभवन लागतंच.) प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ म्हणजे सगळ्यात वाईट. गुण मीच दिले, पण वरच्या आकड्यांना धरून.

मोनोक्रोटोफॉस: ५, ३, ५.
इमिडाक्लोप्रिड: ३, ५, ५.
क्लोरपायरीफॉस: ४, १, ५.
अॅट्राझिन: २, ५, १.

बेरीज केली. मोनोक्रोटोफॉस १३, इमिडाक्लोप्रिड १३, क्लोरपायरीफॉस १०, अॅट्राझिन ८. म्हटलं ठीक, पहिल्या दोघांत टाय आहे. मग फवारणाऱ्याच्या कॉलमला दुप्पट वजन दिलं: मोनोक्रोटोफॉस १८, इमिडाक्लोप्रिड १६, क्लोरपायरीफॉस १४, अॅट्राझिन १०. पुसलं, आणि विहिरीला दुप्पट दिलं: इमिडाक्लोप्रिड १८, मोनोक्रोटोफॉस १६, अॅट्राझिन १३, क्लोरपायरीफॉस ११. म्हणजे पहिला बदलला, आणि शेवटचाही बदलला!

एका सेलमधला १ चा २ केला, एवढंच. तो १ की २ हे कुठल्याही प्रयोगशाळेत ठरत नाही. "सलाईनवर पडलेला माणूस महत्त्वाचा की आईची विहीर" असा तो प्रश्न आहे, आणि तो मी एफ-२ दाबून ठरवत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी जरा लाज वाटली.

हे माझंच नाही. १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी असाच एक मोठा निर्देशांक बनवला. त्यात शेतमजूर, ग्राहक आणि निसर्ग या तिन्हींचे गुण (बरेचसे १, ३, ५ असे) गुणून, मिळवून शेवटी तिनाने भागायचे आणि प्रत्येक औषधाला एक आकडा द्यायचा. जगभर वापरला गेला, अजून वापरतात. २०१५ मध्ये निस आणि कोबर्न या दोघांनी तणनाशकांसाठी तो तपासला आणि या आकड्यावर तणनाशकांची तुलना करू नये असं मत दिलं. मुळात अडचण अशी की १, ३, ५ हे क्रम आहेत, मापं नाहीत. माझ्या शीटमध्ये ५ आणि २ यांच्यात तिनाचा फरक दिसतो, पण मागच्या खऱ्या आकड्यांत १४ आणि २००० असा दीडशे पटीच्या जवळपास फरक आहे. दहावीचा नंबर आणि चपलेचा नंबर मिळवून सरासरी काढल्यासारखं आहे हे.

न लावता येणारा क्रम

मग पर्यावरणशास्त्रातल्याच एका जुन्या कल्पनेपाशी येऊन थांबलो, आणि ती वाचून आपल्या जमातीला घरी आल्यासारखं वाटेल. १९८६ मध्ये हाल्फॉन आणि रेज्जानी यांनी रसायनांच्या क्रमवारीवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं साधं: बेरीज करूच नका. एक रसायन दुसऱ्यापेक्षा वाईट म्हणायचं ते कधी, तर ते सगळ्या कॉलमांत त्याच्या बरोबरीचं किंवा वाईट असेल, आणि निदान एकात तरी जास्त वाईट असेल तेव्हाच. नाहीतर "तुलना होत नाही" असं लिहून मोकळं व्हा. मग ठिपके काढा, ज्यांची तुलना होते तेवढेच रेषेने जोडा. हासे नावाच्या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ही आकृती ओळखली जाते. पुढे जर्मनीत ब्रुगेमन आणि मंडळींनी हे काम बरंच वाढवलं.

आपल्या भाषेत हा पार्शल ऑर्डर. गिटची हिस्टरी जशी, दोन फांद्यांवरच्या दोन कमिटांत आधीचा कोणता हा प्रश्नच चुकीचा असतो, तसंच.

माझ्या चार औषधांवर लावून बघितलं. सहा जोड्या होतात. त्यातल्या फक्त दोन जोड्यांची तुलना होते: मोनोक्रोटोफॉस हे क्लोरपायरीफॉसपेक्षा वाईट, आणि इमिडाक्लोप्रिड हे अॅट्राझिनपेक्षा वाईट. उरलेल्या चार जोड्यांत काही नाही, रेषच नाही. टोपॉलॉजिकल सॉर्ट चालवला तर सहा वेगवेगळ्या याद्या निघतात आणि सहाच्या सहा बरोबर! बेरजेने जी एक यादी दिली होती ती या सहांपैकी एक, आणि बाकीच्या पाच तिने गुपचूप टेबलाखाली ढकलल्या होत्या.

आणि कॉलम वाढले की ही आकृती आणखी विस्कटते. मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या देशांनी क्लोरपायरीफॉस काही सवलती ठेवून जागतिक बंदीच्या यादीत घातलं. का? तर ते दूरवर जातं, टिकतं आणि सजीवांत साठतं. माझ्या शीटमध्ये तो कॉलमच नव्हता. तो घातला की माझ्या दोन रेषांमधलीही एक गळाली.

हे सगळं काळ्या रानात

अजून एक गोष्ट, जी शीटमध्ये कधीच बसणार नाही. गस्टाफसनने आपलं सूत्र कॅलिफोर्नियातल्या विहिरींच्या आकडेवारीवर बसवलं. त्यात गृहीत असं आहे की पाणी मातीतून गाळत गाळत खाली जातं आणि वाटेत सेंद्रिय कर्ब रसायनाला धरून ठेवतो. आमचं रान काळं. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडतात की लहानपणी आमची गोटी त्यात गेली की गेलीच. पहिला मोठा पाऊस या भेगांतून सरळ खाली उतरतो, गाळत वगैरे काही नाही. खाली मुरूम आणि चिरा पडलेला काळा पाषाण, आणि त्या चिरांतच आमच्या विहिरीचे झरे. वर आमच्याकडच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी, हे कुठल्याही माती परीक्षणाच्या कागदावर लिहून येतं. म्हणजे जे औषध सूत्राप्रमाणे चिकटून बसायला हवं ते आमच्याकडे बसेलच असं नाही. उलट बाजूही आहे, मराठवाड्याच्या उष्णतेत बरीच रसायनं थंड देशांपेक्षा लवकर मोडतात. म्हणजे क्रम रसायनाचा नसतोच. क्रम असतो रसायन, जमीन, हवामान आणि ते ज्याच्या अंगावर येणार आहे तो, या सगळ्यांचा मिळून.

नदीपलीकडच्या यवतमाळची २०१७ ची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली होती. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्यानंतर सरकारने यवतमाळसह विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांवर तात्पुरती बंदी घातली. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होतं, ते तर लालच. पण अॅसिफेट आणि डायफेन्थ्युरॉनही होती, ज्यांचे उंदराचे आकडे निळ्या पट्ट्यात बसतात. उंदराला एकदा दिलेला डोस वेगळा, आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या कापसात, उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडी, चार औषधं एकत्र कालवून दिवसभर फवारणं वेगळं. रंगाने त्या माणसाला "निळं आहे, चालतंय" असंच सांगितलं असणार.

कोणी म्हणेल, मग काय यादीच करायची नाही? हजारो रसायनं आहेत, सरकारी यंत्रणेने सुरुवात कुठून करायची? मान्य आहे. चाळणी लागतेच. माझा राग क्रमवारीवर नाही, एकाच क्रमवारीवर आहे. क्रम लावायचा तर प्रश्न वर लिहून लावा: "फवारणाऱ्यासाठी", "विहिरीसाठी", "मधमाशीसाठी". बेरीज करायचीच असेल तर वजनं उघड करा, बदलून दाखवा, आणि बदलूनही जे वरच राहतं ते आधी काढा. आणि डब्यावर एका रंगाऐवजी तीन छोटी चित्रं का नसावीत? माणूस, विहीर, माशी, आणि प्रत्येकाला आपापला रंग. छपाईचा खर्च असा किती वाढणार? आत्ता ही माहिती डब्यातल्या घडीच्या कागदावर, भिंग लावून वाचावी अशा अक्षरांत असते. माझी आई तो कागद चूल पेटवायला वापरते.

मग दादांना काय सांगितलं?

पंधरा दिवसांनी फोन केला. म्हटलं, "दादा, एक कोणतं खराब असं सांगता येईना. कोणासाठी ते सांगा, मग सांगतो."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग आसं सांगायचं ना आधी. हिरीचं सांग पहिले."

म्हणजे जे समजायला मला तीन शनिवार आणि एक जर्मन गणितज्ञ लागला, ते त्यांना एका वाक्यात कळलं :)

विहिरीसाठी अॅट्राझिन, असं सांगितलं. ते थांबवायचं तर खुरपणी आली. खुरपणी म्हणजे बायांची मजुरी, आणि बायांच्या कंबरा. हाही एक कॉलमच, आणि तणनाशक वाईट म्हणणाऱ्या शहरी माणसाच्या शीटमध्ये तो सहसा नसतो, माझ्याही नव्हता. दुसरं तणनाशक आणावं म्हटलं तर एक यादी सोडून दुसरीत पाय. शेवटी तडजोड अशी की विहिरीच्या बाजूच्या दहा-बारा सऱ्या तणनाशकाशिवाय ठेवायच्या, तिथे खुरपणीच करायची, बाकी उसाचं पुढच्या वर्षी बघू. विहिरीचं पाणी तपासायला द्यायचं. इमिडाक्लोप्रिड कापूस फुलात असताना नाही. फवारणी सकाळी वारा पडलेला असताना, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे आपण द्यायचे, त्याने आणायचे नाहीत, आणि दोन औषधं एकत्र कालवायची नाहीत.

राहिली ती लाल बाटली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या त्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला, उरलेला माल संपवायला मुदत दिली. आमच्या फळीवर ती त्याच्याही आधीपासून पडून असावी. दादा म्हणाले होते "फेकून देऊ", पण फेकायची कुठे? नाल्यात टाकली तर नाला, पुरली तर जमीन. बिहारमध्ये २०१३ साली शाळेच्या जेवणातून तेवीस मुलं गेली, त्या अन्नात हेच रसायन निघालं होतं. म्हणून सध्या ती बाटली कुलपात, लेबलसकट, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली आहे, आणि तालुका कृषी कार्यालयात विचारून येतो असं दादा म्हणालेत.

अॅट्राझिनची पुडी मात्र फळीवरच आहे. परवा फोनवर विचारलं तर म्हणाले, विहिरीकडच्या सऱ्यांत हरळी माजलीय, बाया लावल्यात, तीनशे रुपये रोज. आईला विचारलं पाण्याचं. ती म्हणाली, पाण्याला काय झालंय, गोडच आहे.

नमुना घेतलाय. रिपोर्ट यायचा आहे.